नाव कितीला देता, भाऊ?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण सिंहस्थ तोंडावर आलाय, आणि ही वॉल वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांचं काही ना काही आहे. कुणाचं लॉज, कुणाचं दुकान, कुणी संस्थेचा विश्वस्त. म्हणून सविस्तर लिहितोय. यात माझा स्वतःचा मूर्खपणाही आहे. तो लपवला तर पोस्टचा उपयोग नाही.

मागच्या महिन्यात एका सकाळी लॅम रोडवर चहा घेत उभा होतो. अनोळखी नंबरवरून फोन आला. "भाऊ, ते कुंभचं नाव तुमच्याकडेच आहे ना? कितीला देता?"

मी म्हटलं, कुठलं नाव?

त्याने सांगितलं. नाशिकचं लघुरूप, त्याला जोडून कुंभ, शेवटी डॉट इन. रोमनमध्ये मोजून आठ अक्षरं. पूर्ण नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे कळेल.

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "पंचेचाळीस देतो. हजार." चहा सांडायचाच बाकी होता. पाचशे-सहाशे रुपयांत घेतलेलं नाव होतं ते.

आता हे नाव माझ्याकडे आलं कसं, ते सांगतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये एक बातमी खूप गाजली होती, आठवत असेल. जिओ आणि हॉटस्टार एकत्र येणार असं वाटल्यावर दिल्लीच्या एका तरुणाने 'जिओहॉटस्टार डॉट कॉम' हे नाव आधीच घेऊन ठेवलं होतं. त्याने त्याच पानावर रिलायन्सला पत्र लिहिलं की मला केंब्रिजमध्ये शिकायचा खर्च द्या, नाव घ्या. माझा भाचा तेव्हा सिन्नरहून दिवाळीला आला होता. इंजिनिअरिंग झालेलं, नोकरी लागायची होती. मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाला, "मामा, बघा. हजार रुपयांचं नाव आणि मागणी केंब्रिजची. तुम्ही पत्रकार आहात, कुठली बातमी कधी येणार ते तुम्हाला आधी कळतं. आपण का नाही करायचं?"

बातमीचा शेवट आम्ही दोघांनीही नीट वाचला नाही. रिलायन्सने त्याला काही दिलं नाही. ते नाव पुढे दुबईतल्या दोन भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट द्यायची तयारी जाहीर केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झालं. केंब्रिजचं स्वप्न पाहणाऱ्याच्या हाती काय लागलं, तर बातमीतला फोटो.

पण दिवाळीत माणूस आशावादी असतो. भाच्याने हिशोब मांडला. डॉट कॉममध्ये दोन अक्षरी नावं किती होतात? २६ गुणिले २६, म्हणजे ६७६. तीन अक्षरी १७,५७६. चार अक्षरी ४,५६,९७६. अख्ख्या जगाला एवढीच. दोन आणि तीन अक्षरी एकही शिल्लक नाही, चार अक्षरीही जवळपास सगळी गेलेली. "मामा, जमिनीसारखं आहे. नवीन तयार होत नाही."

मला लगेच आपलं स्टेशन आठवलं. रेल्वेच्या कारभारात देवळालीचा कोड डी-व्ही-एल. तीनच अक्षरं. ७ ऑगस्ट २०२० ला देशातली पहिली किसान रेल इथूनच दानापूरला गेली, तेव्हा बातमीत मीच तो कोड लिहिला होता. म्हटलं, हे डॉट कॉम मिळालं तर! अर्थात ते कधीच गेलेलं होतं. मग आम्ही जे शिल्लक होतं ते उचलत गेलो. डॉट इनमधली चार-पाच अक्षरी, उच्चारही न होणारी नावं. क्यू, झेड, एक्स यांची गर्दी असलेली. वर्षभरात माझ्या नावावर तेवीस नावं झाली. प्रयागराजचा महाकुंभ झाला तेव्हा, फेब्रुवारी २०२५ मध्ये, ते कुंभचं नाव घेतलं. तेविसावं. भाचा म्हणायचा, आपला पोर्टफोलिओ.

आता त्या पोर्टफोलिओची किंमत काय? नवशिक्याला इथेच सगळ्यात जास्त फसायला होतं. इंटरनेटवर अशी यंत्रं आहेत, नाव टाकलं की क्षणात अंदाज सांगतात. आमच्या एका नावाला असाच ऐंशी हजारांचा आकडा आला. मी बायकोला दाखवला. ती म्हणाली, "घेणारा कोण आहे?" मी म्हटलं, अंदाज आहे तो. ती म्हणाली, "मग आपल्या घराचा अंदाज दोन कोटी धरा." मला राग आला होता. आज वाटतं, या धंद्यातला पहिला आणि शेवटचा प्रश्न तिने फुकटात सांगितला होता. घेणारा कोण आहे?

मोठ्या सौद्यांकडे बघा. २०१० मध्ये फेसबुकने 'एफबी डॉट कॉम' ८५ लाख डॉलर देऊन घेतलं. दोन अक्षरं. कुणाकडून घेतलं? अमेरिकन फार्म ब्युरोकडून, म्हणजे तिकडच्या शेतकऱ्यांच्या संघटनेकडून. फार्म ब्युरो, म्हणून एफबी. त्यांनी काही फेसबुक येणार म्हणून ते घेऊन ठेवलेलं नव्हतं, स्वतःच्या कामासाठी वापरत होते. त्याच दोन अक्षरांना फेसबुक नसतं तर ८५ लाख मिळाले नसते. 'चॅट डॉट कॉम' घ्या. चार अक्षरं, पण जगभर सगळ्यांना कळणारा शब्द. आपल्या गुजरातेत जन्मलेले, हबस्पॉट कंपनीचे सहसंस्थापक धर्मेश शहा यांनी २०२३ मध्ये ते १ कोटी ५५ लाख डॉलरला घेतलं आणि पुढे ते चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयकडे गेलं.

या बातम्या वाचून आपल्याला वाटतं की लहान नाव म्हणजे महाग नाव. तसं नाही. लहान नाव महाग कधी होतं? ते बऱ्याच जणांना हवं असतं तेव्हा. तीन अक्षरी नावांना भाव आहे, कारण जगात संस्थांची नावं तीन अक्षरांत आटपतात. ओझरची एचएएल घ्या, एलआयसी घ्या, एसबीआय घ्या. एकेका तिकडीमागे जगभरात पाच-पन्नास कंपन्या, संस्था असू शकतात. माझ्या क्यू-झेडवाल्या नावामागे कोण होतं? कुणीच नाही. दुर्मिळ म्हणाल तर माझ्या जुन्या चपलेसारखी चप्पलही जगात दुसरी नाही.

आणि भाव कायम टिकतो असंही नाही. २०१५ च्या अखेरीस चीनमधल्या खरेदीदारांनी चार अक्षरी डॉट कॉम धडाधड उचलली. त्यांना स्वर नकोत, व्ही नको. कारण चिनी शब्दांची रोमन आद्याक्षरं घेतली तर ती बहुतेक व्यंजनंच असतात, आणि व्ही त्यांच्या रोमन लिपीत वापरातच नाही. आकड्यांत आठ शुभ, चार अशुभ. काही महिने भाव चढत गेले, २०१६ मध्ये उतरले. वरच्या भावाला घेणारे बसले हातावर हात ठेवून. नाशिकच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. कांद्याचं आपण दरवर्षी बघतो.

दुसरी गोष्ट, नाव सांगता आलं पाहिजे. एकदा मी ताईला सिन्नरला फोन लावला, म्हटलं, एक नाव सांगतो, लिहून घे. पाच अक्षरं होती. तिने बीचं डी केलं, व्हीचं बी केलं, पाचातली दोन चुकली. मी परत सांगितलं तेव्हा वैतागली, "अरे, व्हॉट्सॲप कर की." जे नाव फोनवर एकदा सांगून समोरच्याला बरोबर लिहिता येत नाही, त्याची किंमत निम्मी धरा. स्पेलिंगचंही तसंच. आपल्या गावाचंच बघा. कॅन्टोन्मेंट आणि लष्कर डी-ई-ओ लिहितात, रेल्वे डी-ई-व्ही लिहिते. त्यात देवळाली गाव वेगळं, देवळाली कॅम्प वेगळं, तिकडे राहुरीकडे देवळाली प्रवरा आणखी वेगळी. ब्रिटिश सोल्जर इथे जहाजाची वाट बघत महिनोन्महिने पडून राहायचे, उन्हाने नि तापाने डोकी फिरायची, म्हणून इंग्रजीत 'डुलाली' म्हणजे वेडा असा शब्दच झाला. एका गावाच्या नावाची रोमनमध्ये इतकी रूपं! तुम्ही एक घ्याल, गिऱ्हाईक दुसऱ्यावर जाईल. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत मिळतं, त्यात हा घोळ कमी होतो. पण तिथेही हिंदीवाले देवलाली लिहितात, आणि अजून किती जण देवनागरीत पत्ता टाइप करतात, स्वतःलाच विचारा.

तिसरी गोष्ट खर्चाची. डोमेन विकत मिळत नाही, वर्षाच्या बोलीवर मिळतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं. कॅम्पातल्या ओल्ड ग्रँट बंगल्यासारखं समजा. राहता आपण, रंग देता आपण, खालची जमीन मात्र आपली नाही. आणि पहिल्या वर्षीची ऑफर वेगळी, दुसऱ्या वर्षीचं रिन्यूअल वेगळं. माझं रिन्यूअल सरासरी नऊशे रुपये धरा. तेवीस नावं म्हणजे वर्षाला २०,७०० रुपये. आता या धंद्यात मुरलेले लोक सांगतात की हातात शंभर नावं असतील तर वर्षाला एक किंवा दोन विकली जातात. तेही चांगली नावं असतील तर. या हिशोबाने माझ्या तेवीस नावांतलं एखादं विकलं जायला तीन वर्षं लागणार. तीन वर्षांत रिन्यूअलचे ६२,१०० रुपये गेलेले. म्हणजे ते एक नाव साठ हजारांच्या वर गेलं तर मी फायद्यात, खाली गेलं तर तोट्यात. हा हिशोब पाचवीच्या पोराने केला असता. मी डिप्लोमा होल्डर पत्रकार, दुसऱ्यांच्या पतसंस्थांचे ताळेबंद तपासत फिरणारा, मी तो केला एका वर्षाने. रिन्यूअलचे मेसेज यायला लागल्यावर.

मधे एकदा फसलोही. परदेशातून मेल आला, तुमचं नाव अमुक हजार डॉलरला हवंय, फक्त तुमच्याकडे मूल्यांकनाचं प्रमाणपत्र पाहिजे, या या ठिकाणाहून काढा. मी ३,८०० रुपये भरून काढलं. प्रमाणपत्र आलं, गिऱ्हाईक गायब. नंतर कळलं की ही जगभरातली जुनी युक्ती आहे. गिऱ्हाईकही तेच, प्रमाणपत्रवालेही तेच. खरा भाव बघायचा तर आधी प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नावांचे आकडे बघायचे. नेमबायो नावाच्या ठिकाणी ते मिळतात. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यात किती अंतर असतं हे तिथे तासभर घालवला की कळतं.

एवढं शिकल्यावर मी बावीस नावांचं रिन्यूअल केलं नाही. सोडून दिली. भाच्याला पुण्यात नोकरी लागली होती, त्याचाही उत्साह ओसरला होता. राहिलं फक्त कुंभचं. कारण त्याला निदान घेणारा असू शकत होता. आणि फोन आला तो त्याच नावासाठी.

पंचेचाळीस हजार.

लेकीच्या क्लासचा हप्ता चाळीसचा होता आणि तो पुढच्या आठवड्यात भरायचा होता. घरी सांगितलं. या वेळी घेणारा प्रत्यक्ष फोनवर होता, त्यामुळे बायकोचाही प्रश्न मिटला होता. "देऊन टाका," ती म्हणाली. मी त्याला मेसेज केला, ठीक आहे, नाव तुमच्या खात्यावर ट्रान्सफर करतो.

त्याचं उत्तर आलं. "ट्रान्सफर नको भाऊ. नाव तुमच्याच नावावर राहू द्या. आम्ही सांगू तिथे फक्त जोडून द्या. रिन्यूअल आम्ही भरू."

मी दोनदा वाचलं. जमीन घेणारा म्हणतोय, पैसे घ्या, पण सातबारा तुमच्याच नावावर राहू द्या. असं कोण म्हणतं?

मी विचारलं, साइट कशाची करणार? तो म्हणाला रूम बुकिंगची, आणि नमुना म्हणून एक पान पाठवलं. पान छान होतं. वर रामकुंडाचा फोटो. खाली "कुंभ स्पेशल, शांत परिसर, स्टेशनपासून जवळ" आणि एका इमारतीचा फोटो. ती इमारत मी रोज बघतो. लॅम रोडवरचं एका समाजाच्या ट्रस्टचं सॅनेटोरियम. नाव लिहीत नाही, त्यांचा काही दोष नाही. खालचा मोबाईल नंबर मात्र त्यांचा नव्हता.

संध्याकाळी तिथे गेलो. व्यवस्थापक काका ओळखीचे. पान दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "आमच्याकडे समाजाच्या पत्राशिवाय खोली मिळत नाही, आणि ऑनलाइन तर आम्ही देतच नाही. हे कुणी काढलंय?"

बाहेर येऊन गेटपाशी बराच वेळ उभा राहिलो. डोक्यात एकच गणित चालू होतं. जाहीर वेळापत्रकानुसार पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. नागपूरहून, इंदूरहून, सुरतेहून एखादं म्हातारं जोडपं या पानावर पैसे भरणार, नाशिक रोडला उतरून रिक्षा करून या गेटवर येणार, आणि काका त्यांना सांगणार की खोली नाही. प्रयागराजला २०२५ मध्ये तंबू आणि हॉटेलांच्या खोट्या वेबसाइट्स निघाल्याच होत्या, पोलिसांनी इशारे दिले होते. आपण ते वाचलं होतं. मी तर छापलंही होतं. आणि पोलीस शोधत आले असते तर नोंदीत नाव, पत्ता, मोबाईल कुणाचा? माझा. पंचेचाळीस हजार त्या आठ अक्षरांचे नव्हतेच. तो माझं नाव विकत मागत होता.

मी नकार कळवला. तो साठ म्हणाला. नंतर फोन बंद. मी १९३० वर फोन करून माहिती दिली, पोलीस ठाण्यात स्क्रीनशॉट जोडून अर्ज दिला, पोच घेतली. हप्ता सोसायटीतून उचल घेऊन भरला.

आता प्रश्न असा होता की त्या नावाचं करायचं काय. सोडून द्यावं तर काही आठवड्यांत ते बाजारात मोकळं होणार आणि तोच माणूस सहाशे रुपयांत घेणार. विकावं तर नावानिशी पटेल असा घेणारा नाही. म्हणून मी ते २०२८ पर्यंत भरून टाकलं. साध्या चार ओळींचं पान लावलं. ही बुकिंगची साइट नाही, खोलीचे पैसे भरण्याआधी त्या जागेच्या ऑफिसला स्वतः फोन करा, सरकारी माहिती हवी तर पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते बघा, कारण ते शेपूट फक्त सरकारी खात्यांना मिळतं. भाच्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "मामा, म्हणजे ही इन्व्हेस्टमेंट बुडाली." म्हटलं, हो, बुडाली.

काही जण कॉमेंटमध्ये विचारतील म्हणून कायद्याचंही सांगतो. दुसऱ्याचं नाव आधी घेऊन ठेवायचं आणि त्यालाच विकायचं, हा धंदा आपल्याकडे पंचवीस वर्षांपूर्वीच कोर्टात गेलाय. १९९९ मध्ये रेडिफच्या नावात एक अक्षर बदलून 'रॅडिफ डॉट कॉम' काढणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, की डोमेन हा नुसता इंटरनेटवरचा पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हासारखंच संरक्षण आहे. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या 'सिफी' नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच मान्य केलं. डॉट इन आणि डॉट भारतसाठी निक्सी ही संस्था आहे, तिच्याकडे लवादाची सोय आहे, कोर्टात न जाताही नाव परत मागता येतं. त्यामुळे गावातल्या द्राक्ष कंपनीचं, आमदाराचं, शाळेचं नाव घेऊन ठेवलं की लाखभर मिळतील असं कुणी सांगत असेल तर दोन शक्यता आहेत. समोरचा दुर्लक्ष करेल, किंवा नोटीस पाठवेल. सर्वसाधारण शब्द, छोटं आणि बोलता येणारं नाव, ज्यावर कुणा एकाचा हक्क नाही, ते घेणं-विकणं हा सरळ धंदा आहे. त्यात लोक कमावतात. पण त्याला भांडवल लागतं, वर्षानुवर्षं थांबायची तयारी लागते, आणि शंभरातली अठ्ठ्याण्णव नावं यंदा विकली जाणार नाहीत हे पचवावं लागतं.

हे सगळं मी माझ्या तोट्याची कहाणी सांगायला लिहिलेलं नाही. त्या तेवीस नावांच्या नादात मी एक गोष्ट बघितली. मोकळी झालेली जुनी नावं कुठली आहेत हे शोधताना आपल्या भागातल्या तीन-चार संस्थांची नावं यादीत दिसली. एका शिक्षणसंस्थेच्या नावावर आज जुगाराची जाहिरात चालते. कारण काय? साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या मोबाईलवर नोंद होती, मुलगा बंगळूरला गेला, रिन्यूअलचा मेसेज त्याला जात राहिला, त्याने बघितला नाही. मुदत संपल्यावर साधारण दोन-अडीच महिने सवड मिळते. उशीर जास्त झाला तर दंड भरून परत घेता येतं. त्यानंतर जो पहिला येईल त्याचं. त्या संस्थेचा पत्ता अजून जुन्या दाखल्यांवर, पावतीपुस्तकांवर छापलेला आहे. पालक तो टाइप करतात आणि पत्ते खेळायच्या साइटवर जातात. ज्याने ते उचललं त्याला नावाची किंमत बरोबर कळली होती. तो घेणारा कोण हे बघत नव्हता, येणारा कोण हे बघत होता.

रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना 'बँक डॉट इन' या शेपटावर जायला लावलं, ३१ ऑक्टोबरची मुदत घालून. लोकांना खरी बँक कुठली आणि खोटी कुठली हे पत्त्यावरूनच कळावं म्हणून. बँकांची काळजी घेणारी रिझर्व्ह बँक आहे. आपल्या लॉजची, ट्रस्टची, पतसंस्थेची, शाळेची काळजी आपल्यालाच घ्यायची आहे.

म्हणून विनंती आहे. आज संध्याकाळी एवढं बघा. तुमच्या संस्थेचं डोमेन कुणाच्या नावावर आहे? कुठल्या ईमेलवर आणि मोबाईलवर? तो माणूस अजून गावात आहे का? मुदत कधी संपते? शक्य असेल तर २०२८ पर्यंतचे पैसे एकदम भरून टाका, तीन वर्षांचे तीनेक हजार होतील. आणि गुगलवर तुमच्या लॉजचं नाव टाकून बघा, फोटो तुमचा आणि नंबर दुसऱ्याचा असं कुठे आहे का.

कुणाला बघता येत नसेल तर मला इनबॉक्स करा, किंवा सकाळी नऊच्या सुमारास लॅम रोडवर चहाला भेटा. दहा मिनिटांचं काम आहे, बघून देतो. पैसे नाहीत, चहा पाजा.